मदत हवी आहे: वाडीचा झरा मार्चमध्येच आटतो, वरच्या उतारावर चर खोदावेत का?

पायवाट:

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्याजवळची वाडी आहे. ३५ उंबरे, साधारण १७५ माणसं, शिवाय गुरं. पिण्याचं पाणी एकाच झऱ्याचं. पूर्वी तो मे अखेरपर्यंत पुरायचा. आता होळी झाली की धार करंगळीएवढी होते. १५ लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन मोजणी ठेवली आहे. दर वेळी तीनदा भरून सरासरी काढली, आकडे मिनिटाला लिटरमध्ये:

ऑगस्ट अखेर ४०, ऑक्टोबर अखेर २६, डिसेंबर अखेर १२, फेब्रुवारी अखेर ५, मार्च अखेर दीड.

झऱ्याच्या वर चांगला तीव्र उतार आहे, तो वनखात्याकडे. त्याच्याही वर सपाट सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, मातीचा थर वीतभरसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी वाडीपर्यंत रस्ता आला. झऱ्यापासून सात-आठ मीटर वरून डोंगर कापून तो नेला आहे.

गावात वेगवेगळी मतं आहेत. काही जण म्हणतात सुरुंग लावून झऱ्याचं तोंड मोठं करू. काहींना उतारावर सलग समतल चर (एकाच पातळीत आडवे खोदलेले लांब चर) हवेत, पोकलेनसाठी डिझेल मिळायची सोय होते आहे. तरुण मुलांना सड्यावर झाडं लावायची आहेत. बोअरचाही विषय निघतोच. जूनच्या आत काय करावं आणि काय करू नये?

मुरूमकर:

बाकी काहीही करा, सुरुंग नको. झऱ्याला पाणी भेगांमधून येतं. धक्क्याने नवी भेग खालच्या बाजूला उघडली तर पाणी तिकडून उतरतं आणि झऱ्याचा डोळा, म्हणजे पाणी बाहेर येतं ती जागा, कायमचा कोरडा पडतो. तोंड मोठं केल्याने आतलं पाणी वाढत नाही, असलेलं लवकर निघून जातं इतकंच.

काळाकातळ:

मोजणी ठेवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक धाग्यांवर "झरा आटला" एवढंच असतं आणि मग उत्तर देणाराही अंदाजाने "चर खोदा" म्हणतो. चर हे औषध आहे, पण आधी रोग कोणता ते बघायला हवं.

घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटर पडतो. तिथे डोंगराच्या पोटात पाणी कमी मुरतं ही अडचण बहुधा नसतेच. पोट जुलैत भरतं आणि उरलेला पाऊस वरून वाहून जातो. अडचण असते ती पोट लहान असण्याची, किंवा पावसाळ्यानंतर ते भराभर रिकामं होण्याची. त्यामुळे दोन गोष्टी सांगा:

जुलै मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत झऱ्याचा आकडा वाढत गेला, की एका जागी थबकला? वाढत राहिला असेल तर पाणी मुरायला वाव आहे आणि वरच्या कामाचा उपयोग होईल. थबकला असेल तर पोट भरलेलं होतं, चर खोदून त्यात एक तांब्याही जास्त मावणार नाही.

दुसरं, रस्त्याच्या कटिंगमध्ये कुठे ओल आहे का? भर उन्हात हिरवं शेवाळ किंवा नेचे दिसतात का? असल्यास ओलीच्या खाली कोणत्या रंगाचा थर आहे?

पायवाट:

वहीत बघितलं. जुलै मध्य ४१, ऑगस्ट ४०, सप्टेंबर मध्य ४०. म्हणजे थबकलाच.

कटिंग आजच पाहून आलो. वळणाच्या आधी साधारण ६० मीटर लांबीत ओल आहे. कमरेएवढ्या उंचीवर आडवी सरळ रेघ मारल्यासारखी हिरवी पट्टी, शेवाळ आणि बारीक नेचे. पट्टीच्या वरचा खडक भोकाभोकांचा, त्यात पांढरे दाणे. पट्टीच्या खाली हातभर जाडीचा विटकरी लाल थर, नखाने खरवडला की भुगा होतो. पाणी गटारातून वळणापलीकडच्या नाळीत जातं आणि तिथेच जिरतं.

काळाकातळ:

मग तुमचा झरा सापडला. वरचा भोकाभोकांचा तो मांजऱ्या खडक, पाणी धरणारा. खालचा लाल तो गेरू, लाव्हाच्या दोन थरांमधला. तो पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून पाणी त्याच्या माथ्यावरून आडवं सरकत डोंगराच्या अंगावर येतं. पूर्वी हा दोन थरांचा सांधा दगडमातीच्या डबराखाली झाकलेला असणार. पाणी सांध्यातून निघून डबरातून झिरपत सात-आठ मीटर खाली, तुम्ही ज्याला झरा म्हणता तिथे उजेडात यायचं. रस्त्याने डबर काढलं, सांधा उघडा पडला आणि पाण्याला गटाराची वाट मिळाली.

खात्री करायला दोन सोप्या चाचण्या. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, काही शे रुपयांना मिळतो. ओलीचं आणि झऱ्याचं पाणी एकाच वेळी तपासा. आकडे जवळजवळ सारखे आले तर दोन्ही एकाच पोटातलं असण्याची शक्यता मोठी. मग गटारात चिकणमातीचा छोटा बांध घाला, त्यात अर्धा कापलेला पाइप बसवा आणि बादलीने मोजा. मोजणी पहाटे उजाडताना करा. दुपारी ऊन आणि झाडोरा मिळून बरंच पाणी ओढून घेतात, आकडा फसवा येतो. पहाटे मिनिटाला दोन लिटर जरी मिळाले तरी सध्याच्या झऱ्यापेक्षा जास्त आहेत.

मिळाले तर काम असं करा. गेरूच्या माथ्याला लागून ३० सेंटिमीटर रुंदीची उथळ खाच काढा, हाताने, टिकाव-फावड्याने. गेरूत खोल शिरू नका. तो भिजला की फुगतो, सुकला की सुटतो, आणि तो पोखरला गेला की वरचा खडक लोंबकळत राहतो. खाचेत ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. वरच्या अर्ध्या भागात ६ ते ८ मिलिमीटरची भोकं, खालचा अर्धा भाग अखंड, म्हणजे आत आलेलं पाणी पुन्हा झिरपणार नाही. १०० मीटरला १ मीटर एवढा ढाळ पुरे. पाइपाभोवती नायलॉनची बारीक जाळी आणि धुतलेली २० मिलिमीटरची खडी. न धुतलेली टाकलीत तर पहिल्याच वर्षी भोकं भुकटीने बुजतात. शेवटी ६० सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीची गाळाची कुंडी, तिला तळाशी धुण्याची तोटी, आणि तिथून ४० मिलिमीटरचा एचडीपीई पाइप खाली टाकीपर्यंत. उतार आपल्या बाजूचा आहे, पंप लागणार नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पाणी वाया जातंय म्हणून कटिंगला सिमेंटचा गिलावा मारू नका. मागे दाब साठतो आणि एका पावसाळ्यात सगळी दरड खाली येते. उद्या तिथे संरक्षक भिंत बांधायला कोणी आलं तर तिला पाणी निघायची भोकं ठेवायला लावा आणि मागे खडीचा भराव असल्याशिवाय काम पुढे जाऊ देऊ नका. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याचं लेखी ना-हरकत पत्र आधी घ्या, नाहीतर गटार साफ करताना पाइप उखडला जाईल.

दरडीखाली:

चरांबद्दल बोलायलाच हवं, कारण पोकलेनचं डिझेल फुकट मिळतंय म्हटल्यावर हात थांबत नाहीत.

सलग समतल चर ही कमी पावसाच्या, मध्यम उताराच्या जमिनीसाठीची रीत आहे. ३३ टक्क्यांपेक्षा जास्त उतार, म्हणजे ३ मीटर आडवं गेलं की १ मीटरपेक्षा जास्त चढ, तिथे ते घेत नाहीत. तुमच्याकडे तर उतार तीव्र, खाली डबर आणि त्याखाली घरं. मुसळधार पावसात भरलेला चर म्हणजे डबराच्या डोक्यावर ठेवलेलं वजन. त्यातून मुरणारं पाणी डबर आणि कातळाच्या सांध्यात उतरतं, तिथली पकड सुटते. दरडीखाली गेलेली गावं आठवा: माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही गावं डोंगराच्या कुशीत होती आणि तिन्ही वेळा पाऊस धो धो कोसळत होता. घरांच्या वर कुठेही चर नकोत, लहानसे तुटक चरसुद्धा नकोत.

कोणी आधीच खोदले असतील तर जूनच्या आत माती परत भरून थराथराने चोपून घ्या. भरणं शक्य नसेल तर प्रत्येक चरातलं पाणी बाजूच्या नैसर्गिक ओढ्याकडे काढून द्या, सरळ उतारावर नको.

आत्ताच एक फेरी मारा: उतारावर चंद्रकोरीसारख्या भेगा, एकाच दिशेला कललेली झाडं किंवा खांब, नव्याने अडकू लागलेले दरवाजे. आणि पावसाळ्यात झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा एकाएकी थांबलं तर वाट न बघता वाडी खाली करायची.

गवतफुला:

सड्यावर झाडं नकोत. सड्याला उजाड माळ समजणं ही नेहमीची चूक आहे. तिथलं गवत, पावसाळी फुलं, खडकातली डबकी ही त्या जागेची स्वतःची सृष्टी आहे, आणि वीतभर नसलेल्या मातीत कातळ फोडून लावलेलं रोप उन्हाळ्यात मरतंच. मुलांचा उत्साह वणवा थांबवण्याकडे वळवा, झऱ्यासाठी तेच जास्त मोलाचं आहे. जानेवारी अखेरपर्यंत उताराच्या कडेने ३ ते ५ मीटर रुंदीची जाळरेषा काढायची, गवत कापून उचलायचं. जळलेल्या जमिनीवर पहिल्या पावसाचे थेंब आदळतात, वरची माती धुपते आणि ओढा लाल होतो. उतारावरची कारवी तोडू देऊ नका, ती माती धरून ठेवते. लावायचंच असेल तर ओढ्याकाठी जांभूळ, करंज, उंबर. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नाही म्हणा.

ग्रामसभा_आधी:

वनजमिनीतून पाइप न्यायचा किंवा टाकी बांधायची तर वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) बघा. पिण्याच्या पाण्याची सोय आणि जलवाहिनी त्या यादीत आहेत. अटी अशा: प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. ठरावात नुसतं "पाणी योजना" लिहू नका. गट किंवा कक्ष क्रमांक, पाइपची लांबी-रुंदी, टाकीचं माप, किती झाडं जाणार (शून्य असतील तर शून्य) हे लिहा. मोघम ठराव परत येतो आणि हंगाम हातचा जातो. अर्ज परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या.

बोअरचं म्हणाल तर सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यानेच बंधन आणलं होतं. सड्यावर कोणी जमीन घेऊन बोअर मारत असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला झऱ्याच्या मोजणीच्या वहीसह पत्र द्या. बोअर गेरू फोडून खाली गेलं तर वरचं पाणी त्या भोकातून खालच्या थरात उतरतं, झरा गेलाच समजा.

पायवाट:

मनापासून आभार. टीडीएस बघितला, ओल ११८, झरा १२१. पहाटे गटारात मिनिटाला अडीच लिटर भरले. सुरुंग आणि चर दोन्ही रद्द करायचा ठराव मांडतो आहे. टाकी किती मोठी आणि झऱ्याच्या डोळ्यापाशी बांधकाम करताना काय सांभाळायचं?

काळाकातळ:

झरा दीड आणि ओल अडीच, मिळून चार. दिवसाला ५,७६० लिटर, माणशी जवळपास ३३. सरकारी मापदंड ५५ चा आहे, पण आजच्या १२ पेक्षा हे पावणेतीन पट झालं. अट एकच, रात्रीचं पाणी धरायला हवं. बायका झऱ्यावर फार तर सात-आठ तास भरतात, उरलेले सोळा तास पाणी ओढ्यात जातं. १०,००० लिटरची टाकी घ्या, म्हणजे एखादा दिवस वापर कमी झाला तरी पाणी सांडणार नाही.

डोळ्यापाशी सगळ्यात मोठी चूक होते ती टाकीची पातळी डोळ्याच्या वर नेण्याची. पाणी उलटं दाबलं जातं आणि झरा दुसरी वाट काढतो. टाकी भरल्यावर पाणी सांडायचा पाइप डोळ्यापेक्षा किमान वीतभर खाली असू द्या. डोळ्याच्या मागच्या भिंतीला सिमेंट नको, तिथे रचीव दगड आणि खडी. बाजूंना चिकणमाती चोपून भरा. वर झाकण कुलपाचं, आणि वरच्या अंगाला ८-१० मीटरवर पावसाचं पाणी वळवणारी पन्हळ. सांडव्याचं पाणी गुरांच्या डोणीत सोडा, डोण कुंपणाच्या बाहेर आणि डोळ्याच्या खालच्या अंगाला.

१,००० लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला २५. बादलीत कालवून निवळी तेवढी ओता, चोथा टाकून द्या, आणि अर्ध्या तासाने तोटी उघडा. पावडरचा डबा घट्ट झाकून सावलीत ठेवा, उघडा राहिला की जोर जातो. आणि मोजणी थांबवू नका: दोन्ही जागांची वेगळी, दर पंधरवड्याला, पहाटे.