कोलिस्टिन सोडून एकही प्रतिजैविक लागू पडत नाही. लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) कणांतून पेप्टाइड जखमेपर्यंत पोचतं का?

वेंगुर्ल्याची_लेक
बाबा रापणीवर जातात. वय 61, साखर बारा वर्षांपासून. श्रावणात शिंगाळा माशाचा काटा डाव्या पायाच्या तळव्यात शिरला. काटा निघाला, पण जखम भरेना. पट्टी सोडली की कापसावर हिरवट डाग आणि द्राक्षासारखा गोडूस वास. कल्चरमध्ये स्युडोमोनास हा जिवाणू आला. रिपोर्टभर 'आर'च 'आर' (म्हणजे औषध लागू नाही), फक्त कोलिस्टिनपुढे 'आय' (मधलं). बाबांचं क्रिएटिनिन 1.9, म्हणजे मूत्रपिंड आधीच कमी चालतंय, त्यात कोलिस्टिन मूत्रपिंडाला जड.

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एलएल-37 आम्हाला शिकवलंय: शरीरातच बनणारं, 37 अमिनो आम्लांचं, जिवाणूचं आवरण फोडणारं पेप्टाइड. मग बाबांच्या जखमेत ते काय करतंय? लिपिड नॅनोकणांत भरून दिलं तर खरंच फरक पडेल का? ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

खारेपाटणचा
ताई, माझी पीएच.डी. याच कणांवर चाललीय. स्युडोमोनास इलास्टेज नावाचं विकर सोडतो, ते एलएल-37 चे तुकडे करतं. सुजेमुळे जमलेल्या पांढऱ्या पेशींची विकरंही तिथेच असतात. म्हणजे पेप्टाइड मारायला कमी पडत नाही, पोचेपर्यंत टिकत नाही. शिवाय ते धनप्रभारी, म्हणून ऋणप्रभारी जिवाणूकडे ओढलं जातं तसंच पुवातल्या डीएनएला आणि बायोफिल्मच्या (जिवाणूंनी स्वतःभोवती केलेल्या थराच्या) चिकट्यालाही अडकतं. मात्रा वाढवत नेली तर आपल्याच तांबड्या पेशी फुटतात.

सोडणासकट नारळ समुद्रात पडला तर कितीतरी दिवस तरंगून किनाऱ्याला रुजतो, सोललेला कुजतो. लिपिडचं काम त्या सोडणाचं. आम्ही ग्लिसरिल मोनोओलिएट हे लिपिड घेतो. भरपूर पाणी मिळालं की ते आपोआप जाळी धरतं, आत पाण्याच्या बारीक नळ्या. पोलोक्झॅमर (कण एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) घालून सोनिकेटरवर, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्रावर, फोडलं की दीडेकशे नॅनोमीटरचे कण, दिसायला पातळ दुधासारखे. पेप्टाइडची पाणी टाळणारी बाजू लिपिडला धरून बसते, विकराच्या सहज हाती लागत नाही.

पहिलं वर्षभर मी लोभानं पेप्टाइड जास्त भरत राहिलो आणि जाळीच मोडत राहिली. फार घट्ट बसलं तर ते सुटतही नाही, मग जिवाणू मरणार कसा? खरा पेच हा आहे.

जखमेवर लावायचं असं तयार औषध आज मिळत नाही, बाबांसाठी त्याची वाट बघू नका. लिपोसोममधलं (लिपिडच्या सूक्ष्म पिशव्यांतलं) अमिकासिन हे प्रतिजैविक अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं, पण ते फुप्फुसातल्या मायकोबॅक्टेरिया जिवाणूंसाठी, श्वासावाटे द्यायचं, आणि ते पेप्टाइडही नाही.

ड्रेसिंगवाली_सिस्टर
बाय, बाबा पाय समुद्राच्या पाण्यात बुडवत नाहीत ना? आमच्याकडे येणारे निम्मे दर्यावर्दी तेच करतात. त्या पाण्यात व्हिब्रिओ जिवाणू असतात, साखरवाल्याला ते जिवावर बेततं. मेलेलं मांस सर्जनकडून काढून घे, पायाचा रक्तपुरवठा डॉपलरवर बघून घे, हाडापर्यंत गेलंय का त्यासाठी एक्स-रे काढ. त्या पायावर भार अजिबात नको. कोलिस्टिनचं मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वेंगुर्ल्याची_लेक
बुडवत होते, रोज सकाळी. मीच बादली भरून आणत होते. आजपासून बंद. परवा कुडाळला सर्जनकडे नेतेय. दादा, खारेपणाचा पेप्टाइडवरही परिणाम होतो का?

खारेपाटणचा
होतो. स्युडोमोनासच्या बाहेरच्या आवरणाला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम टाक्यांसारखे सांधून धरतात. पेप्टाइड त्यांना ढकलूनच आत शिरतं. समुद्राच्या पाण्यात ते दोन्ही भरपूर, त्यामुळे त्याला जागाच मिळत नाही. सर्जन काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.