ट्रायक्लोफॉस हे झोपेचं औषध देऊनही मूल झोपेना, दुसरा डोस कधी द्यायचा?

प्रश्न: बाळ १२ किलोचं, बेरा (झोपेत करायची ऐकण्याची तपासणी) करायची आहे. ट्रायक्लोफॉस सिरप (५ मि.लि.मध्ये ५०० मि.ग्रॅ.) किलोला ५० मि.ग्रॅ. या हिशेबाने ६ मि.लि. दिलं. २५ मिनिटं झाली, पेंगतंय पण झोपत नाही. लगेच आणखी द्यावं का? क्लोरल हायड्रेट या दुसऱ्या झोपेच्या औषधाचा जुना डोस-तक्ता याला चालेल का?

उत्तर १: अजून थांबा. ट्रायक्लोफॉसचा फॉस्फेट गट शरीरातल्या अल्कलाइन फॉस्फटेज या विकरामुळे सुटतो आणि ट्रायक्लोरोइथेनॉल तयार होतं; मेंदूला शांत करणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करून झोप आणतं ते हेच. त्याला ३० ते ४५ मिनिटं लागतात. घाईने दिलेला दुसरा डोस पहिल्यावर चढतो आणि दोन्हींचा जोर एकदम येतो. ४५ मिनिटांनंतरही मूल जागं असेल, तर डॉक्टरांनी तपासून अर्धा डोस, म्हणजे ३ मि.लि. द्यायचा. सगळं मिळून किलोला १०० मि.ग्रॅ.च्या वर कधीच नाही. ओकलं तर किती पोटात राहिलं हे कळत नाही, म्हणून पूर्ण डोस परत देऊ नका.

तो तक्ता मात्र बाजूला ठेवा. १ ग्रॅम ट्रायक्लोफॉस म्हणजे सुमारे ६०० मि.ग्रॅ. क्लोरल हायड्रेट. तुमचे ६०० मि.ग्रॅ. क्लोरल हायड्रेटचे जेमतेम ३६० मि.ग्रॅ. भरतात. उलट्या बाजूने ट्रायक्लोफॉसचा आकडा क्लोरल हायड्रेटला तसाच लावला, तर डोस दीडपटीहून जास्त होतो.

उत्तर २: तपासणी तासाभरात आटोपते, ट्रायक्लोरोइथेनॉलचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायचा वेळ) मात्र साधारण ८ तासांचं, नवजातात त्याहून बरंच लांब. खरा धोका घरी जाताना असतो: गाडीत मान पुढे पडून श्वासमार्ग दबतो. मूल नीट जागं होऊन पाणी पिईपर्यंत सोडू नका, तोवर पल्स ऑक्सिमीटर लावलेलाच हवा. टॉन्सिल मोठे असतील, झोपेत घोरत असेल, तर हे औषध भूलतज्ज्ञाशिवाय नको.

याला उतारा नाही. बेंझोडायझेपिन गटाच्या झोपेच्या औषधांवरचा उतारा असलेल्या फ्लुमाझेनिलवर भरवसा ठेवता येत नाही, कारण त्या गटाची रिसेप्टरवरची जागा वेगळी आहे. जास्त डोसात हृदय अ‍ॅड्रिनलिनला अतिसंवेदनशील होतं. त्यातून लय बिघडली तर बीटा-ब्लॉकर (अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम अडवणारी औषधं) वापरतात. ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढायचं यंत्र) आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) डोस देण्याआधीच शेजारी असावी.

कावीळ असलेल्या नवजाताला टाळा. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल हा दुसरा चयापचयी घटक कावीळ आणणाऱ्या बिलिरुबिनला अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून हुसकतो.

उत्तर ३: तपासणीच्या आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवा, वाटेत झोपू देऊ नका. निम्म्या वेळा अडचण डोसाची नसून दुपारची झोप गाडीतच झाल्याची असते.