मदत हवी आहे: थेट व्याख्यानातील चित्रफीत आणि स्लाइड यांचा मेळ

विद्यापीठीय अभ्यासक्रमासाठी आम्ही ब्राउझरमध्ये चालणारी व्याख्यानप्रणाली विकसित करत आहोत. चित्रफीत एचएलएसने (चित्रफीत लहान तुकड्यांत पाठवण्याची पद्धत) सुमारे 20 सेकंद उशिरा पोहोचते, परंतु स्लाइड बदलल्याचा संदेश वेबसॉकेटने (सर्व्हरशी सतत खुली राहणारी जोडणी) तत्काळ येत असल्यामुळे, शिक्षकांचे बोलणे ऐकू येण्याआधीच स्लाइड पुढे सरकते. संदेश ठरावीक सेकंद रोखून पाहिला, पण प्रत्येकाचा विलंब वेगळा असतो; सेगमेंट (चित्रफितीचा एकेक तुकडा) 6 वरून 2 सेकंदांवर आणल्यावर संथ जोडणीवर चित्रफीत अडखळू लागली. विद्यार्थिसंख्येमुळे वेबआरटीसी (जवळजवळ विनाविलंब प्रसारणाचे तंत्र) आम्हाला परवडणारे नाही, आणि स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) स्लाइडवरील मजकूर एचटीएमएलमध्येच हवा (ही अट सोडता येणार नाही), म्हणून स्लाइड चित्रफितीत मिसळण्याचा पर्यायही बाद आहे. ध्वनिचित्रमुद्रण नंतर कापले, तरी मेळ टिकावा यासाठी प्लेलिस्टमधील (तुकड्यांच्या यादीतील) प्रोग्रॅम-डेट-टाइमशी, म्हणजे तुकड्याच्या प्रत्यक्ष तारीख-वेळेशी, संदेशाची वेळ जुळवावी, की प्रवाहातच आयडी3 मेटाडेटा (चित्रफितीसोबत ठरावीक क्षणी पोहोचणारी माहिती) घालावा?