मदत हवी आहे: इंग्रजीत मुंगसाचं अनेकवचन काय, आणि शब्द नक्की कुणाचा? (आज रात्री छापायला जातंय)

देवराईची_वाट | दुपारी ३.१२
रात्री नऊच्या आत फाइल द्यायची आहे, शीर्षकावर अडलंय. मी इंग्रजी 'मंगूस'चा शेवट 'गीज' असा केला होता, गूजचं गीज होतं तसा. समितीतले एक काका म्हणाले चूक, दुसरे म्हणाले तेच बरोबर. खालच्या ओळीत मी लिहिलंय की हा शब्द इंग्रजीत मराठीतून गेला. त्यावरही आक्षेप, की तो पोर्तुगीज आहे. नेटवर दोन्ही सापडतंय. कृपया पटकन सांगा.

पाणंद | ३.२०
कसली फाइल? पुस्तक आहे, पाटी आहे की शाळेचा प्रकल्प? पूर्ण वाक्य टाका ना.

देवराईची_वाट | ३.२४
फलक. वाक्य नको, फक्त शब्द सांगा.

निवृत्त_मास्तर | ३.३१
ताई, 'गीज' अजिबात लिहू नका. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई आणि पुढे फक्त एस. उच्चार 'मंगूसेस'. गूजचं गीज का होतं? जुन्या इंग्रजीत काही शब्दांचं अनेकवचन करताना मधला स्वर बदलायचा. फुट-फीट, टूथ-टीथ, माउस-माइस ही त्यातलीच. ती सवय हजार वर्षांपूर्वीची. आपला प्राणी इंग्रजीत सतराव्या शतकात आला, त्याला तो नियम लागू होत नाही. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, दरवर्षी निम्मा वर्ग इथे चुकायचा.

आंबोलीचा_पाऊस | ३.४०
मास्तर, मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशात 'गीज'वालं रूपही दिलेलं आहे. मग चूक कसं म्हणता?

निवृत्त_मास्तर | ३.४६
दिलंय, पण 'हेही' असं म्हणून दुसऱ्या क्रमांकावर. फलक वर्षानुवर्षं उभा राहणार. त्यावर पहिल्या क्रमांकाचं रूप हवं. बदकाच्या कुळातल्या पक्ष्याशी या प्राण्याचा काडीचाही संबंध नाही. इंग्रजांच्या कानाला शेवट ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी स्पेलिंग तसं वळवलं, एवढंच. जुन्या पुस्तकांत सुरुवातीला ओ-ऐवजी यू आहे, म्हणजे आपल्या 'मुं'च्या जवळचं. शेवटी ज नाही, स म्हणायचा, हेही फलक वाचून दाखवणाऱ्या मुलांना सांगा.

बागायतदार७२ | ३.५८
मुंगूस कोंबड्यांना त्रास देत असेल तर खुराड्याला बारीक जाळी लावा आणि जाळी जमिनीत वीतभर पुरा. फटाके लावून काही होत नाही. आमच्याकडे तीन वर्षं झाली, एकही पिल्लू गेलं नाही.

देवराईची_वाट | ४.०२
कोंबड्या नाहीत हो. अनेकवचन मिळालं, मास्तरांचे आभार. आता शब्द कुणाचा ते सांगा. तोच खरा वाद आहे.

शब्दवेडी | ४.१५
ऑक्सफर्डच्या कोशात व्युत्पत्ती देताना सरळ मराठीचं नाव आहे. इंग्रजीतला जुना दाखला जॉन फ्रायर या डॉक्टरच्या प्रवासवर्णनातला. तो १६७३ च्या सुमारास मुंबई-सुरतेकडे होता, पुस्तक १६९८ चं. तो लिहितो की हा प्राणी फेरेटसारखा (युरोपात पाळतात तो लांबट, छोटा शिकारी प्राणी) असतो. पोर्तुगीजांचा 'मंगुश्तू' आणि फ्रेंचांचा 'मांगूस्त' हेही इथूनच उचललेले. पोर्तुगालमधून शब्द घेऊन कुणी गोव्यात आलं नव्हतं, गोव्यात येऊन त्यांनी तो ऐकला. कोंकणीतही मुंगूसच आहे.

निवृत्त_मास्तर | ४.२३
मुळात सगळं संस्कृतातून आलेलं आहे. नकुल हा शब्द बघा.

शब्दवेडी | ४.३०
मास्तर, नकुलपासून हिंदीतला नेवला झाला. मुंगूस तिकडून येत नाही. तेलुगूत मुंगिस, कन्नडमध्ये मुंगिसी. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तेलुगू रूप आधी दिलंय आणि दख्खनी-मराठीचा उल्लेख नंतर. म्हणजे शब्दाचं मूळ द्रविड घरातलं असण्याची शक्यता मोठी. ताई, 'मराठीतून इंग्रजीत गेला' हे ठामपणे लिहा. 'मराठीत जन्मला' असं लिहू नका. या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

देवराईची_वाट | ४.३८
हे मला नीट कळलं. माझी आजी रोज हा शब्द वापरायची, तो ऑक्सफर्डच्या कोशात बसलाय हे गावातल्या पोरांना कळावं एवढ्यासाठी ती ओळ आहे. खोटी ओळ मला नको होती.

निवृत्त_मास्तर | ४.४१
संस्कृतबद्दलचं मी मागे घेतो. कन्नड रूप मला माहीत नव्हतं.

पाणंद | ४.४४
आता तरी सांगा फलक कुठे आहे आणि त्यावर अजून काय लिहिलंय.

देवराईची_वाट | ४.५२
सिंधुदुर्गात आमच्या गावची देवराई. देवळापासून ओढ्यापर्यंत पायवाट केली आहे, बारा फलक, हा सातवा. वर मराठी, खाली इंग्रजी. नाव, शास्त्रीय नाव, फोटो आणि चार ओळी: उंदीर-किडे खातं, दिवसा फिरतं, मुळी खाऊन सापाचं विष उतरवतं, आणि ही शब्दाची ओळ. फोटो आमच्याच वाटेवर काढलेला आहे.

आंबोलीचा_पाऊस | ५.०३
मुळीची ओळ काढा. मुंगूसवेलीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण खरं कारण मुंगसाच्या शरीरातच आहे. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या जागी जाऊन चिकटतं, त्या जागेची घडणच मुंगसात वेगळी असते, त्यामुळे विष नीट चिकटत नाही. तरीही ते पूर्ण सुरक्षित नसतं, म्हणून चपळाई लागते. कुणी ती ओळ वाचून साप चावल्यावर मुळी शोधत बसला तर? दवाखान्यात न्यायचा वेळ जाईल.

बागायतदार७२ | ५.१०
आमच्या आजोबांनी मुळी खाताना पाहिलंय.

आंबोलीचा_पाऊस | ५.१४
काका, मुंगूस फळं, कंदमुळंही खातं. खाल्लेलं पाहिलं असेल, त्यात शंका नाही. ते औषध म्हणून खाल्लं हा आपला अर्थ.

लेक_होनोलुलूत | ५.२६
विषय निघालाच आहे म्हणून. लेकीकडे हवाईत गेले होते, तिथे रस्त्याच्या कडेला मुंगूस दिसलं आणि घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. लेक म्हणाली, इथे लोक त्याला शिव्या घालतात. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली, त्यांची प्रजा १८८३ मध्ये हवाईत आणली. उंदीर फिरतात रात्री, मुंगूस फिरतं दिवसा. मग जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी संपायला लागली. फार वाईट वाटलं, त्यात प्राण्याचा काय दोष?

देवराईची_वाट | ५.३१
वाचून वाईट वाटलं, पण मला नऊपर्यंत वेळ आहे. मुळीची ओळ काढली. अजून काही चूक?

आंबोलीचा_पाऊस | ५.३५
ती कलकत्त्याची जात वेगळी, लहान मुंगूस. त्यावरून आठवलं, शास्त्रीय नाव कुठलं टाकलंय?

देवराईची_वाट | ५.३८
हर्पेस्टेस एडवर्डसाय. नेहमीचं मुंगूस. ते तपासलेलं आहे.

कुंचला | ५.४४
फलकावरची चित्रं रंगवलेली आहेत का? असतील तर मुंगसाच्या केसांचा ब्रश वापरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या केसांचा व्यापार बंद आहे, तरी दुकानांत लपूनछपून मिळतो. त्या ब्रशांसाठी मुंगसांचा जीव जातो. मी कृत्रिम केसांचेच वापरते.

देवराईची_वाट | ५.४९
फोटो आहे, चित्र नाही. पण शाळेच्या चित्रकलेच्या बाईंना नक्की सांगते.

आंबोलीचा_पाऊस | ५.५३
फोटोतल्या मुंगसाचं शेपटीचं टोक कसं आहे?

देवराईची_वाट | ५.५५
शेपटीचा शब्दाशी काय संबंध?

आंबोलीचा_पाऊस | ५.५८
शब्दाशी नाही, नावाशी आहे. आपल्या भागात तीन जाती दिसू शकतात. नेहमीच्या करड्या मुंगसाच्या शेपटीचं टोक कधी काळं नसतं. तांबूस मुंगसाचं टोक काळं असतं आणि चालताना ते वर वळलेलं असतं. मानेवर कानापासून खांद्यापर्यंत काळा पट्टा असेल तर तिसरी जात, ती सगळ्यात मोठी. फोटो मोठा करून बघा.

देवराईची_वाट | ६.२०
काळं आहे. वर वळलेलं आहे. मानेवर पट्टा नाही. आम्ही पाच जणांनी हा फोटो महिनाभर बघितला आणि कुणालाच ते दिसलं नाही.

आंबोलीचा_पाऊस | ६.२४
मग ते तांबूस मुंगूस. शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द स्मिथी. पहिला शब्द हर्पेस्टेस असा जुन्या पुस्तकांत मिळेल, आशियातल्या मुंगसांना आता अर्वा म्हणतात. 'अर्वा स्मिथी' टाका. आणि शीर्षक एकवचनी करा, फोटोत एकच आहे.

पाणंद | ६.३०
म्हणजे ज्या अनेकवचनासाठी धागा काढला ते लागतच नाही! मी पहिल्यांदाच पूर्ण वाक्य मागितलं होतं.

देवराईची_वाट | ६.३६
बरोबर, तेव्हाच द्यायला हवं होतं. पण अनेकवचन लागतंय, इंग्रजी मजकुराच्या पहिल्या ओळीत. मास्तरांचंच रूप ठेवलंय.

लेक_होनोलुलूत | ६.५०
आम्ही लहानपणी मुंगूस दिसलं की ओरडायचो, 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ'. ते खरंच थांबून मागे वळून बघायचं. फलकावर मराठी बाजूला हे टाका ना.

शब्दवेडी | ६.५८
टाकाच. शब्द कोशात टिकतो, पण पोरांच्या तोंडात असला तरच जिवंत राहतो. मराठी बाजूला रूपंही नीट घाला: ते मुंगूस, ती मुंगसं, मुंगसाला. हल्ली मुलं 'मुंगूसला' म्हणतात, ऐकून जीव कळवळतो.

देवराईची_वाट | रात्री ८.५४
फाइल गेली. शेपटीचं टोक फोटोत कापलं जात होतं, म्हणून चौकट डावीकडे सरकवली. शेवटची ओळ अशी: 'या प्राण्याचं इंग्रजी नाव मराठीतून गेलं आहे. शेजारच्या कन्नड आणि तेलुगूतही त्याला जवळजवळ हेच नाव आहे.' रामाची शपथही बसवली. पोर्तुगीजवाल्या काकांनी वाचून होकार दिला.

निवृत्त_मास्तर | ९.०५
आठवा फलक कशाचा आहे?

देवराईची_वाट | ९.०७
खवल्या मांजराचा. शुक्रवारी छापायला जातो.

शब्दवेडी | ९.१०
त्याचं इंग्रजी नाव मलय भाषेतून आलंय, अर्थ 'गुंडाळी करणारा'. फोटो असेल तर आजच टाका, शुक्रवारची वाट बघू नका.