गावाचा पैसा, पण खर्चाची यादी दिल्लीची?

बांधावरचा:
केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात आला म्हणून लई कौतुक झालं, पण त्यातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून कशाला हात लावायचा नाही. आमच्याकडे नळाला पाणी आहे, गटारं झालीत, शोषखड्डे तर एकाच आळीत दोनदा झाले. आणि स्मशानात जायला रस्ता नाही. मागच्या श्रावणात तिरडी खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातनं गेलो, एकाची चप्पल तिथंच रुतली ती अजून तिथंच असेल. पैसा खात्यात, सरपंच-ग्रामसेवकाची डिजिटल सहीची डोंगलं तयार, पण रस्ता म्हटलं की खर्चाच्या हेडमध्ये बसत नाही. आमच्या गावाला काय पाहिजे ते दिल्लीत बसून कसं कळतं राव?

कडू कारलं:
बंधन पाहिजेच. आमच्याकडं मोकळा पैसा आला तेव्हा काय झालं माहितीये? वेशीवर कमान!! आणि चांगल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक, ठेका कुणाला ते विचारू नका (मेहुणा). मार्चमध्ये विहिरीवरची मोटर जळली तर दुरुस्तीला पैसे नाहीत, बायाबापड्या टँकरमागं पळतायत. आणि ४० टक्के अबंधित होतेच की, त्यातनं करायचा रस्ता.

बांधावरचा:
अबंधितचं तर बोलूच नका. २०२१ ला राज्यानंच सांगितलं ना की पथदिव्यांची थकलेली बिलं त्यातनं भरा, सरपंच लोक किती ओरडले तेव्हा. दिल्ली देते, मुंबई वळवते, गाव सह्या करतं.

मुलुंडकर:
तुम्हाला निदान सरपंच तरी आहे. आमचं बघा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. नाक्यावरची ट्रकची रांग गेली हे झ्याक झालं, ती कुणाला परत नकोय, पण मुंबई पालिकेची सगळ्यात मोठी कमाई होती ती, स्वतःची. आता राज्य देईल त्या भरपाईवर. वर २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली ती २०२६ च्या जानेवारीत मतदान झालं, तोवर प्रशासक. आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे, आमदाराकडे? शहरांच्या पालिकांसाठीची ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक घ्या म्हणते. म्हणू दे.

कडू कारलं:
मग यात दिल्लीचा काय दोष? ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, हे सगळं राज्यातलं लफडं. उलट लोकनियुक्त बॉडी नसेल तर निधी नाही ही वित्त आयोगाची अट होती ती बरोबरच.

मुलुंडकर:
बरोबर कशी? निवडणूक लांबली त्यात जिल्हा परिषदेची काय चूक, आणि निधी अडकला कुणाचा?

कडू कारलं:
हम्म, हा मुद्दा आहे. पण अट काढली तर प्रशासकच कायमचा बसेल, त्याचं काय?

बांधावरचा:
कारलं भाऊ, तुमचा कमानवाला निदान पाच वर्षांनी पाडता येतो की. दिल्लीतल्या सायबाला कुठं पाडणार. पाडला का मग त्याला?

कडू कारलं:
पाडतोय कुठला. पुढच्या वेळी जागा महिलेला सुटली, बायकोला उभं केलं, आली निवडून. कमानीवर आता दोघांचे फोटो आहेत.