मदत हवी आहे : वयस्क ग्रेट डेनला उठताना आधार कसा द्यावा?

आमची ग्रेट डेन कुत्री साडेआठ वर्षांची असून तिचे वजन 52 किलो आहे. या जातीचे आयुष्य साधारण 7 ते 10 वर्षांचेच असल्याने ती आता म्हातारीच म्हणायची. गेल्या दोन महिन्यांपासून उठताना तिचे मागचे पाय बाजूला घसरतात आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर ती तशीच बसून राहते. एकदा उभी राहिली की मात्र पंधरा मिनिटे नीट चालते.

पशुवैद्यांनी एक्स-रे काढून खुब्याच्या सांध्यांची झीज असल्याचे सांगितले असून मज्जातंतूंचा दोष आढळलेला नाही. वेदनाशामक औषध त्यांच्याच सल्ल्याने चालू आहे, नखे वेळेवर कापली जातात आणि घरभर रबरी चटया अंथरल्या आहेत. चटयांमुळे चालणे सुधारले, उठणे नाही. पोटाखालून जाड टॉवेल घालून उचलून पाहिले, पण सगळा भार पोटावर येऊन ती अंग आखडून घेते. ती इतकी सोशिक आहे की दुखले तरी गुरगुरत नाही, त्यामुळे आपले काही चुकत असेल तर ते उशिरा कळेल, याचीच मला फार काळजी वाटते.

दिवसा घरी फक्त आई असते आणि तिला जड उचलता येत नाही. या वयात शस्त्रक्रिया करायची नाही, असे पशुवैद्यांशी बोलून ठरले आहे.

मांड्यांभोवती बसणारा, पाठीवर धरायला मूठ असलेला आधारपट्टा एवढ्या मोठ्या कुत्र्यासाठी कोणी वापरला आहे का? तो दिवसभर अंगावर ठेवल्यास जांघेत काचतो का, आणि त्याची सवय तुम्ही कशी लावली?