मोठ्या टेक कंपनीत इंजिनीअर: हात घडतो की अडकतो?

अर्धविराम
पगाराबद्दल वाद नाही. वाद आहे तो हात कशावर बसतो याचा. गूगलचंच घ्या. जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या एकाच सामायिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, कोडच्या सुमारे २०० कोटी ओळी होत्या. ती सांभाळणारी प्रणाली घरची, कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणारं बिल्डचं टूल घरचं, मशीनवर कामं वाटणारा बोर्ग घरचा. २०१४ मध्ये बाहेर आलेलं, तसंच काम करणारं आणि सगळ्यांना खुलं कुबरनेटीस हे बोर्गचं चुलत भावंड, सख्खं नव्हे. पाच वर्षं आतल्याच टूल्सवर काढली की साधा सर्व्हर उभा करताना माणूस अडखळतो: साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत कोण बघतं, बॅकअप परत कसा चढवायचा, काही ठाऊक नसतं.
आणि आत असताना वेग काय? बदल चार ओळींचा. त्याला डिझाइन डॉक (लेखी आराखडा), रिव्ह्यू (सहकाऱ्यांची तपासणी), प्रायव्हसीवाल्यांची मंजुरी, मग फ्लॅगमागे, म्हणजे चालू-बंद करायच्या कळीमागे, ठेवून आधी १ टक्का वापरणाऱ्यांना, मग १०, ५०. तीन आठवडे गेले. पहिली नोकरी लहान ठिकाणीच करावी, असं माझं स्पष्ट मत.

पेजर_शांत
साफ असहमत. चार ओळींना तीन आठवडे का लागतात, ते आधी बघा. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-थ्री या डेटा साठवायच्या सेवेत थोडे सर्व्हर काढायचे होते. कमांडमध्ये एक इनपुट चुकला, भलतेच जास्त सर्व्हर निघाले आणि सेवा काही तास आडवी. त्यानंतर त्यांनी ते टूलच बदललं: सर्व्हर सावकाश काढायचे आणि किमान क्षमतेखाली जायचंच नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेही देखभालीच्या एका कमांडनं. अशी कमांड अडवण्यासाठी तपासणी होती, पण तिच्यातच बग होता. रिव्ह्यूचा कंटाळा येणाऱ्यांनी या दोन घटनांचे अहवाल जरूर वाचावेत.

दुसरं, १ टक्का म्हणजे थोडं नव्हे. दहा हजार विनंत्यांत एकदा उगवणारा बग घ्या. दिवसाला दोन हजार विनंत्या येणाऱ्या लहान ठिकाणी तो पाच दिवसांतून एकदा दिसेल आणि "नेटवर्क असेल" म्हणून सोडून दिला जाईल. मोठ्या ठिकाणी तो मिनिटाभरात आलेखावर येतो. सरासरीवर विसंबायचं नाही, हेही तिथेच अंगी मुरतं. एका पानासाठी १०० सर्व्हरना विचारावं लागत असेल आणि प्रत्येक जण शंभरात एकदाच रेंगाळत असेल, तरी १०० पैकी ६३ पानं रेंगाळतात. प्रत्येक सर्व्हरची सरासरी मात्र छान दिसते.

अर्धविराम
हिशोब मान्य. पण तो आलेख, तो फ्लॅग, तो आपोआप रोलबॅक (बिघडलं की जुन्या आवृत्तीवर परतणं) बांधला कुणी? दुसऱ्याच टीमनं. बाकीच्यांच्या आयत्या पिठावर रेघोट्या.

पेजर_शांत
रेघोट्या कशा ओढायच्या हेही शिकावंच लागतं. डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव बदलायचंय, समजा. थेट बदललंत तर नवी आवृत्ती चढत असताना जुनीही चालूच असते. ती जुनं नाव मागते आणि कोसळते. म्हणून आधी नवा कॉलम जोडायचा, रिकामा चालेल असा. मग कोडनं दोन्हीकडे लिहायचं. मग जुना डेटा छोट्या तुकड्यांत भरायचा, एका दमात नाही, नाहीतर टेबल लॉक होऊन बसतं. वाचन नव्यावर न्यायचं, काही दिवस ताळा घ्यायचा, जुन्यावरचं लेखन थांबवायचं आणि शेवटी तो कॉलम काढायचा. ही शिस्त कुठल्याच कंपनीच्या मालकीची नाही, बाहेर पडताना ती सोबत येते.

हिशेबी
"पगाराबद्दल वाद नाही" हे वाचून थांबलो. वाद तिथेच आहे! ऑफरमधल्या एकूण आकड्यात शेअर असतात आणि ते बहुधा चार वर्षांत हाती येतात. पहिल्या वर्षाची अट असेल तर अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याला शून्य. ॲमेझॉनची गाजलेली वाटणी ५, १५, ४०, ४० टक्के अशी होती. पहिली दोन वर्षं रोख बोनसनं भरून काढायची. म्हणून आकडा वर्षवार मांडून घ्या.
शेअरची संख्या ठरते देण्याच्या वेळच्या भावानं. मेटाचा शेअर सप्टेंबर २०२१ मध्ये ३८० डॉलरच्या आसपास होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये ९० च्या खाली. त्याच नोव्हेंबरात तिथे ११,००० जणांना काढलं. पगार आणि बचत एकाच खुंटीला टांगली की असं होतं. शेअर हाती येतो त्या दिवशी स्वतःला विचारायचं: एवढी रोकड हातात असती तर आज हाच शेअर घेतला असता का? नाही, तर विकून टाका.

तळटीप
रात्रीच्या ड्यूटीचं, म्हणजे बिघाड झाला की पेजर वाजतो आणि उठावं लागतं त्याचं, कुणी बोलत नाहीये. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. ९९.९९ म्हणजे जेमतेम सव्वाचार. तेवढ्यात माणूस उठून लॅपटॉपही उघडत नाही, म्हणजे दुरुस्ती आपोआपच व्हायला हवी. ती तशी नसताना चार नऊंचं (९९.९९ टक्क्यांचं) वचन देणारी टीम दिसली, तर झोपेचं खोबरं ठरलेलं. गूगलच्याच एसआरई (सेवा भरवशाची ठेवण्याचं काम) पुस्तकात एका ठिकाणच्या टीमला चोवीस तासांच्या ड्यूटीसाठी किमान आठ जण सांगितलेत. पाच जणांत चालवत असतील तर कंपनी कितीही मोठी असो, तुमच्यासाठी ती लहानच.

अर्धविराम
हे पटलं. मग बढतीचंही घ्या. नवं काही लाँच केलं की वर, जुनं नीट चालवलं की "छान" एवढंच. त्यामुळे एकाच कामाच्या तीन चॅट ॲप होतात आणि तिन्ही अर्धवट.

पेजर_शांत
तक्रार रास्त आहे, पण त्यातला निम्मा दोष न लिहिण्याचा. "सिस्टिम सुधारली" असं बढतीच्या समितीपुढे गेलं तर कोण वाचणार? "शंभरातली सर्वांत हळू विनंती ८०० मिलिसेकंदांवरून ३०० वर आणली, आठवड्याचे पेजर १४ वरून ३ वर", असं लिहा. दर शुक्रवारी दहा मिनिटं नोंद ठेवा. वर्षअखेरीला आठवत बसलं की काहीच आठवत नाही.

तळटीप
आणि सही करायच्या आधी तीन गोष्टी विचाराच: ड्यूटीच्या फेरीत किती जण, गेल्या महिन्यात रात्री किती वेळा पेजर वाजला, त्यातले किती काही न करता बंद केले. मॅनेजरला तिसरा आकडा सांगता आला नाही, तर तो कुणी मोजतच नाही.

अर्धविराम
विचारणार कुणाला? बऱ्याच ठिकाणी सही आधी आणि टीम नंतर ठरते.

तळटीप
मग टीम ठरेपर्यंत सही लांबवायची. फार तर नाही म्हणतील.